एचआयव्हीबद्दल बोलणारी रेघी वही काढतोय, कव्हरवर आणि आत काय असावं?

रेघोट्या :
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी डिझाइनची कामं करते, फ्रीलान्स. कॉलेजात एनएसएसमधून रेड रिबन क्लबमध्ये होते, त्यातले आम्ही काही जण अजून टचमध्ये आहोत आणि दरवर्षी १ डिसेंबर उजाडला की कोणीतरी ग्रुपवर लाल रिबिनीचा फोटो टाकतं, बाकीचे हात जोडल्याचे इमोजी टाकतात, झाला जागतिक एड्स दिन. यंदा ठरवलं की लोकांच्या हातात राहील, वापरली जाईल अशी वस्तू काढू. ऑनलाइन शोधताना एक रेघी वही सापडली, कव्हरवर लाल रिबिन आणि एचआयव्ही असलेल्यांना वाळीत टाकू नका अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. मस्त वाटलं म्हणून आतली पानं बघितली तर नुसत्या रेघा! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रेघा, एचआयव्ही कसा होतो, कसा होत नाही याबद्दल एक अक्षर नाही. मग कळलं की ऑर्डर आली की छापायची अशा वह्यांचा ढीग आहे, कव्हर तेवढं बदलायचं, कधी कॅन्सर, कधी मांजर, कधी योगा, आत तेच. म्हणजे जागृती जी काय व्हायची ती कव्हर बघणाऱ्याची, लिहिणाऱ्याच्या पदरात काही नाही.

तर आपण मराठीत करू. ए५ साइज, १६० पानी, एकेरी रेघी, उजव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एकेक वाक्य. ५०० प्रती, पैसे आम्ही आपसात काढतोय. कव्हर माझ्या डोक्यात काळं आहे, मधोमध मोठी लाल रिबिन आणि खाली "मी घाबरत नाही. तुम्ही?" वाटायच्या एआरटी सेंटरवर, जिथे लोक एचआयव्हीची औषधं न्यायला येतात तिथेच, म्हणजे ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्याच हातात पडतील.

तळाची वाक्यं सुचवा. कव्हरबद्दल बिनधास्त बोला, मी रडणार नाही.

पेठेतला_प्रेसवाला :
ताई, आधी धंद्याचं बोलतो, मग समाजसेवेचं. काळं कव्हर आणि त्यावर मॅट लॅमिनेशन केलंत तर प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो, चार दिवसांत वही कळकट. १६० पानांना मधे पिना मारून चालणार नाही, वही फुगून बसते, आणि नुसत्या डिंकावरचं परफेक्ट बाइंडिंग केलं तर सपाट उघडत नाही, लिहिणारा शिव्या घालतो. शिलाई करा. कागद ७० जीएसएम मॅपलिथो, त्याखाली गेलात तर जेल पेनाची शाई मागे उमटते.

आता मुद्द्याचं. ए५ला एका फॉर्मात १६ पानं बसतात, तुमच्या वहीचे असे १० फॉर्म. पानोपानी वेगळं वाक्य म्हणालात तर दर फॉर्मला वेगळ्या प्लेटा, बजेट गेलं. एकच फॉर्म करा आणि तोच दहा वेळा लावा. त्यात उजवी पानं ८, म्हणजे तुम्हाला ८ वाक्यं मिळतात. आठच. त्यामुळे जरा भांडून निवडा.

तयार वह्या अप्पा बळवंत चौकातून घाऊक उचलून नुसतं कव्हर चढवलं तर बरंच स्वस्तात पडेल, पण मग तुम्ही वर नावं ठेवलीत तीच गत. (अवांतर: चौकात गाडी लावायला जागा मिळाली तर मलाही कळवा.)

कट्ट्यावरचा :
पुण्यात फुकट वही वाटणार म्हटल्यावर ५०० पुरणार नाहीत, आधीच सांगतो.

पण सिरियसली, एचआयव्ही अजून आहे का? आम्ही शाळेत असताना भिंतीभिंतीवर असायचं, आता कोणी नावही काढत नाही. मला वाटलं मिटला विषय.

आयसीटीसीवाली :
@कट्ट्यावरचा, मिटला नाही हो, दिसेनासा झालाय. देशात साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसोबत जगतायत, आणि आकड्यात आपला महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. मी आयसीटीसीमध्ये म्हणजे तपासणी आणि समुपदेशन केंद्रावर काउन्सेलर आहे, त्यामुळे माझ्यासाठी तर रोजचा आहे.

दिसेनासा का झाला तर औषधं चांगली झाली. १ एप्रिल २००४पासून सरकारी एआरटी फुकट मिळायला लागली, तेव्हा गोळ्या जास्त, साइड इफेक्ट जास्त, आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, अमुकच्या खाली गेल्याशिवाय सुरूच करायचे नाहीत. २०१७पासून धोरण बदललं, तपासणी पॉझिटिव्ह आली की सीडी४ कितीही असो, औषध सुरू. आता बहुतेकांना टीएलडी म्हणजे तीन औषधांची मिळून दिवसाला एकच गोळी. माणूस कामावर जातो, लग्नकार्यात नाचतो, तुमच्या शेजारी बसमध्ये बसतो, तुम्हाला कळायचं काही कारणच नाही.

पण भीती मात्र तीच जुनी. माझ्याकडे येणारे कितीतरी जण आपल्या तालुक्याचं सेंटर सोडून मुद्दाम लांबच्या सेंटरला नाव घालतात, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल सेंटरच्या बाहेर पडायच्या आत फाडून टाकतात. बायका तर बाटलीत कापूस कोंबतात, पर्समध्ये खुळखुळू नये म्हणून. सासूने विचारलं तर "रक्तवाढीची गोळी आहे". हे सगळं बघितल्यावर मला तुमच्या काळ्या कव्हराबद्दल जरा शंका आहे, पण ती नंतर सांगते, आत्ता ड्युटी आहे.

मुठाकाठी :
उपक्रम चांगला आहे. पण एक सांगू का, राग मानू नका. हा काही डेंग्यू नाही. जे वागतात त्यांना भोगावं लागतं, त्याची वही कशाला काढायची? वही काढायचीच तर संयमाची काढा.

दवाखाना_दुपारी_बंद :
@मुठाकाठी, माझ्याकडे येणाऱ्या पॉझिटिव्ह बायकांपैकी कितीतरी जणींना तो नवऱ्याकडून आलेला असतो, त्यांनी नेमकं काय वागायला नको होतं तेवढं सांगा, लग्न? जन्मताच आईकडून आलेली पोरं आहेत, आता मोठी होऊन नोकरी शोधतायत. आणि समजा एखाद्याला शरीरसंबंधातूनच झाला, मग? मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन द्यायच्या आधी जिलब्या किती चापल्यास म्हणून कोणी जबाब घेत नाही. "हे बिचारे निष्पाप, ते मात्र त्याच लायकीचे" असं वाक्य वहीत चुकूनही नको, त्यानेच तर सगळा घोळ घातलाय.

मुठाकाठी :
मी फक्त माझं मत मांडलं. असो.

मास्तर_निवृत्त :
प्रेसवाल्यांचं वाचून आठवलं, नव्वदीत शाळेत एड्सची पोस्टरं यायची, त्यावर कवटी, खाली दोन हाडं, एक साप, आणि "एड्स म्हणजे मृत्यू". आठवीतली पोरं ते बघून फिदीफिदी हसायची आणि ज्या घरात खरंच आजार होता त्या घरातलं पोर मान खाली घालून बसायचं. पुढे २००२-०३च्या सुमारास मुंबईत त्या बलबीर पाशाच्या जाहिराती लागल्या होत्या, त्याला एड्स होणार का म्हणून, अख्खी मुंबई बोलत होती, आणि त्यावर वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच रोगाचं घर ठरवलं म्हणून टीकाही झाली. सांगायचा मुद्दा, घाबरवून जागृती केली की भीती राहते, माहिती उडून जाते. मला काळं कव्हर बघितलं की तीच कवटी आठवेल.

दुसरं, शाळेत वाटायचा विचार असेल तर तयारी ठेवा. २००७ला राज्यात शाळेतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं होतं, सगळ्या पक्षांचे लोक एकमुखाने विरोधात. आता बरंच पुढे आलोय पण "शरीरसंबंध" हा शब्द वहीत दिसला तर एखादा पालक येणारच शाळेत.

पेठेतला_प्रेसवाला :
ती कवटीवाली पोस्टरं आमच्या वडिलांनीही छापलीत मास्तर, ऑर्डर होती. लाल आणि काळा, दोन कलर, स्वस्त पडायचं.

हिरवीवही :
हा आयडी मी फक्त या धाग्यासाठी काढलाय, जुन्या आयडीने इथे बराच वावर आहे आणि काही लोक मला कट्ट्याला प्रत्यक्ष भेटलेत, म्हणून.

रेघोट्या ताई, वही आमच्याकडे आधीच आहे. एआरटी सुरू झाली की सेंटरवरून एक हिरवी वही मिळते, ग्रीन बुक म्हणतात तिला, त्यात तुमचं वजन, सीडी४, गोळ्या किती दिल्या, पुढची तारीख कधी, सगळं लिहिलेलं असतं आणि ती दर वेळी न्यायची असते. माझ्या वहीला मी खाकी कव्हर घातलंय, शाळेत घालायचो तसं, आणि वर लेबल लावून लिहिलंय "गाडी सर्व्हिसिंग". कपाटात गाडीच्याच कागदांमध्ये असते. माझ्या ओळखीच्या एकाने "भिशी" लिहिलंय. एक आजी आहेत त्या पोथीच्या कापडात गुंडाळून आणतात, कोणी हातच लावत नाही म्हणे.

आता तुम्ही मला काळी, मोठ्या लाल रिबिनीची वही देणार आणि मी ती घरी टीपॉयवर ठेवणार? मेव्हणा विचारेल ही कुठून आणली. मी सेंटरच्या गेटवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी जाईन, खरं सांगतो, आणि तुमचे पैसे वाया. "मी घाबरत नाही" हे तुम्ही लिहिलंय, मी घाबरतो की. मला व्हायरसची भीती कधीच गेलीय, माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कितीतरी वर्षं तपासणीत सापडत नाहीये, गोळी घेतो, सकाळी सारसबागेत चालतो, मजेत आहे. मला भीती कसली आहे सांगतो. मधे दाढ दुखत होती, एका डेंटिस्टकडे गेलो, फॉर्मवर विचारलं होतं म्हणून खरं लिहिलं. तोपर्यंत छान बोलत होते. मग म्हणाले तुम्हाला दिवसातली शेवटची अपॉइंटमेंट देतो. शेवटच्याला गेलो तर म्हणाले मशीन बंद पडलंय, आम्ही फोन करू. दाढ शेवटी दुसरीकडे काढली आणि तिथे फॉर्मवर काही लिहिलं नाही.

मग ही वही मला कशाला देताय? त्या डेंटिस्टला द्या. ज्यांच्यामुळे माझ्या वहीवर "गाडी सर्व्हिसिंग" लिहावं लागतं त्यांना द्या. सोसायटीचे सेक्रेटरी, एचआरवाले, पार्लरवाले, शाळेतल्या बाई, पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मोठ्याने नाव आणि टेस्ट ओरडून सांगणारा तो पोरगा. आम्हाला माहिती आहे हो सगळी, तोंडपाठ आहे.

रेघोट्या :
हे वाचून कामच थांबवलं मी. सेंटरवर वाटायचं रद्द, यावर चर्चा नको. कव्हरचं बोलू आता.

आयसीटीसीवाली :
माझी शंका हीच होती, पण त्यांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

कलमबाज_वकीलबाई :
@हिरवीवही, दाढेचं वाचून कायद्याचं सांगते, कारण बऱ्याच जणांना असा कायदा आहे हेच माहीत नसतं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ला पास झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यात उपचार, नोकरी, शाळा, भाड्याचं घर, विमा या सगळ्यात भेदभावाला बंदी आहे आणि ती खाजगी दवाखान्यालाही लागू आहे, फक्त सरकारीला नाही. नोकरीसाठी किंवा उपचारासाठी आधी एचआयव्ही टेस्ट करा अशी अट घालता येत नाही. तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमचं स्टेटस, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, दुसऱ्याला सांगता येत नाही, जे थोडे अपवाद आहेत ते कायद्यातच लिहिलेत. लोकांना भडकवणारा मजकूर पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत तक्रार अधिकारी नेमायला हवा, दवाखान्यांसाठी तो आकडा २०च आहे. वरून राज्याचा ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींची चौकशी करणारा.

आणि नाव लपवून भांडता येतं, हे महत्त्वाचं. १९९७ला मुंबई हायकोर्टात एक केस झाली, एका सरकारी कंपनीतल्या कामगाराला केवळ पॉझिटिव्ह म्हणून काम नाकारलं होतं. कोर्टाने त्याला "एमएक्स" या नावाने केस चालवू दिली आणि काम करायला फिट असलेल्या माणसाला एचआयव्हीवरून काढता येणार नाही म्हणून सांगितलं. आता ती नाव झाकायची सोय कायद्यातच आहे.

रेघोट्या, तुमच्यासाठी एक, वहीत कोणाची खरी गोष्ट किंवा फोटो घालायचा असेल तर लेखी संमती घ्या, "तो ओळखीचा आहे, चालेल" हे चालत नाही.

कट्ट्यावरचा :
च्यायला, २०१७चा कायदा आणि मला आज कळतोय. एचआरमध्ये आहे मी. 😐

तीनपदरी_जाळं :
मी पॉझिटिव्ह लोकांच्या नेटवर्कमध्ये काम करतो, आणि मला हिरवीवहींचं पटलं तरी पूर्ण पटलं नाही. आज जी फुकट औषधं आणि कायदा आहे तो लपून बसलेल्यांनी आणला नाही, तोंड उघडं ठेवून रस्त्यावर बसलेल्यांनी, कोर्टात गेलेल्यांनी, टीव्हीवर स्वतःचं नाव सांगितलेल्यांनी आणलाय. बुधवार पेठेतल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी सहेली संघ उभा केला तो नव्वदीत, तेव्हा एचआयव्ही म्हटलं की लोक दहा फूट लांब पळायचे. विजयाताई लवाटेंनी १९९७ला पॉझिटिव्ह मुलांसाठी मानव्य ही संस्था सुरू केली तेव्हा काय सोपं होतं? कव्हरवरून रिबिन काढून टाकली, सगळं साधंसुधं केलं, तर ती वही पण "गाडी सर्व्हिसिंग"च झाली ना. दिसलंच नाही तर लोकांची सवय मोडणार कशी?

हिरवीवही :
@तीनपदरी_जाळं, मान्य आहे आणि त्या लोकांचे उपकार आहेत, मी त्यांच्याच जिवावर फुकट गोळी खातोय. पण तुम्ही सांगायचं ठरवलंत तुमच्या मनाने. मी सांगेन तेव्हा माझ्या मनाने सांगेन, कव्हर माझ्या वतीने सांगणार असेल तर नको.

आयसीटीसीवाली :
दोघांचंही खरं आहे आणि माझ्यासमोर रोज दोन्ही प्रकारची माणसं बसतात. एक मुलगी आहे ती ओढणीला रिबिन लावूनच येते. तिच्या मागच्या नंबरची बाई चेहऱ्यावरचा स्कार्फ आत आल्यावरही सोडत नाही.

पेठेतला_प्रेसवाला :
मग उलटसुलट जॅकेट करा की. पुठ्ठ्याचं साधं कव्हर, त्यावर सुटं जॅकेट, दोन्ही बाजूंनी छापलेलं. एका बाजूला रिबिन, दुसऱ्या बाजूला साधी शाळेच्या वहीसारखी चौकट, नाव, विषय. ज्याला जी बाजू बाहेर हवी ती ठेवेल. खर्च थोडाच वाढतो, कागद तोच, फक्त दुसऱ्या बाजूचं छापकाम.

तीनपदरी_जाळं :
हे चालेल. डेंटिस्टला देताना मात्र रिबिनवाली बाजू बाहेर ठेवून द्या.

हिरवीवही :
+१. हे भारीये.

सेक्रेटरी_बी_विंग :
वाचत होतो, लिहू की नको करत होतो. आमच्या सोसायटीत एका स्वयंपाकाच्या मावशींबद्दल कुणीतरी उठवलं की तिला "तो" आजार आहे, खरं खोटं माहीत नाही. दोन घरांनी काम बंद केलं, आता बाकीचे मला विचारतायत गेटवर एंट्री बंद करा म्हणून. भाजी चिरताना बोट कापलं तर काय, हा त्यांचा प्रश्न आहे. प्लीज डॉक्टर कोणी नीट सांगेल का, मला मीटिंगमध्ये बोलायचंय.

दवाखाना_दुपारी_बंद :
सांगतो. एचआयव्ही पसरायचे रस्ते मोजके आहेत, असुरक्षित शरीरसंबंध, सुया-सिरिंज वाटून वापरणं, तपासणी न केलेलं रक्त, आणि आईकडून बाळाला, तेही औषध चालू असेल तर फारच क्वचित. शरीराबाहेर हा व्हायरस फार तग धरत नाही, स्वयंपाकाच्या उष्णतेत तर नाहीच. पोटातून अन्नावाटे तो होत नाही. बोट कापलं तर जे कोणाचंही बोट कापल्यावर करतो तेच, धुवा, पट्टी बांधा, ती भाजी टाकून द्या, दुसरी चिरा. ताट, संडास, स्विमिंग पूल, मिठी, खोकला, यातल्या कशातूनही नाही.

डास पण नाही, पुण्यात तो प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त तुमच्यात सोडत नाही, आणि डासाच्या पोटात हा व्हायरस वाढतही नाही. तसं असतं तर डेंग्यूसारखी साथ आली असती.

कलमबाज_वकीलबाई :
आणि मीटिंगमध्ये हेही सांगा की त्या बाईंचं स्टेटस काय, हा प्रश्न अजेंड्यावर घ्यायचा नाही. "टेस्ट करून रिपोर्ट आणा" असा ठराव करायचा तर मुळीच नाही. आणि ज्या ग्रुपवर हे फिरतंय तिथला मजकूर जपून ठेवा, वेळ पडली तर उपयोगी येईल.

सेक्रेटरी_बी_विंग :
थँक्यू. वही झाली की आमच्या ऑफिससाठी द्या, विकत घेईन, फुकट नको.

भोसरीकर :
तळाच्या वाक्यांमध्ये एक पाहिजेच, तपासणीत व्हायरस सापडत नाही म्हणजे पसरत नाही. इंग्रजीत यू इक्वल्स यू म्हणतात, २०१६पासून जगभर ती मोहीम आहे. पुणेकरांना तर हे अभिमानाने माहीत हवं, कारण ते सिद्ध होण्यात आपल्या गावाचा हात आहे. भोसरीची नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, १९९२ची. आता नाव बदललंय पण रिक्षावाल्याला नारीच सांगावं लागतं. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास झाला, ९ देशांतली १७६३ जोडपी, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह, भारतातून चेन्नई आणि पुणे. २०११ला निकाल आला की लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी. नंतर युरोपात पार्टनर नावाचे अभ्यास झाले, तिथे व्हायरल लोड दबलेल्या माणसाकडून कंडोमशिवायही जोडीदाराला एकही लागण सापडली नाही. एकही! आणि आपल्याकडे अजून लोक कप वेगळा ठेवतायत.

मास्तर_निवृत्त :
शाळेच्या वहीत हे वाक्य अवघड जाईल.

भोसरीकर :
मग शाळेत नका देऊ मास्तर. ही मोठ्यांची वही आहे, कप मोठेच वेगळा ठेवतात.

दवाखाना_दुपारी_बंद :
वाक्य ठेवा पण नेमकं ठेवा. औषध रोज चालू, तपासणीत व्हायरल लोड सापडत नाही आणि हे टिकून आहे, अशा माणसाकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. सुया वाटून घेण्याला किंवा स्तनपानाला हे जसंच्या तसं लावू नका, त्याचं बोलणं डॉक्टरशी. आणि एक वाक्य पेपचं, म्हणजे संपर्क आल्यावर घ्यायच्या औषधाचं घाला, दवाखान्यात कितीतरी नर्स आणि वॉर्डबॉयना माहीत नसतं, सुई टोचली किंवा तसा संपर्क आला तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येतं, २८ दिवस घ्यायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. माहिती नसते म्हणून भीती, आणि भीती असते म्हणून "शेवटची अपॉइंटमेंट". डेंटिस्टला खरं तर काही वेगळं करायचंच नसतं, प्रत्येक पेशंटला तेच ग्लोव्हज, हत्यारं निर्जंतुक करायचं तेच ऑटोक्लेव्ह, कारण कोण पॉझिटिव्ह आहे हे कधीकधी पेशंटलाही माहीत नसतं.

हिरवीवही :
हे शेवटचं वाक्य घ्या प्लीज, डेंटिस्टवालं.

रेघोट्या :
ओके, आठ ठरवली, प्रेसवाल्यांच्या फॉर्मप्रमाणे. पहिलं, एकत्र जेवून, एका संडासातून, डास चावून एचआयव्ही होत नाही. दुसरं भोसरीकरांचं, डॉक्टरांनी दुरुस्त केलेलं. तिसरं, प्रत्येक पेशंटला तीच काळजी घ्या, म्हणजे कोणालाच वेगळं काढावं लागत नाही. चौथं, सुई टोचली तर ७२ तास. पाचवं, स्टेटस सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, तुम्हाला कळलं असेल तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. सहावं कायद्याचं, उपचार, नोकरी, घर, शाळा नाकारता येत नाही. सातवं, पॉझिटिव्ह आईचं बाळ औषधांमुळे निगेटिव्ह जन्मू शकतं, हे आयसीटीसीवाल्या ताईंनी फोनवर सांगितलं, म्हणाल्या सगळ्यात जास्त रडू याच वाक्यावर फुटतं लोकांना, आनंदाचं. आठवं, शंका असेल तर १०९७ला फोन करा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

"मी घाबरत नाही" गेलं. काळा रंग पण गेला, फिका बदामी आहे आता. रिबिनवाल्या बाजूला खाली एकच ओळ टाकतेय, "आतलं वाचा". वाटायच्या जागा: दातांचे दवाखाने, लॅब, सोसायटी ऑफिस, आणि कट्ट्यावरचा यांच्या एचआरला पहिला गठ्ठा.

कट्ट्यावरचा :
घेतो. शिवाय तक्रार अधिकारी कोण आहे ते सोमवारी विचारतो, बहुतेक मीच निघणार.

मुठाकाठी :
सातवं वाक्य चांगलं आहे. आमच्या इथल्या लॅबला दोन वह्या मी देऊन येईन.

तीनपदरी_जाळं :
पाचव्यात "तुम्हाला कळलं असेल तर" ऐवजी "कोणी विश्वासाने सांगितलं तर" करा. निम्म्या लोकांना सांगून नाही, फायलीत डोकावून कळतं, पण त्यांना ते कळलं पाहिजे अशी सवलत नको द्यायला.

कलमबाज_वकीलबाई :
नाही, आहे तेच राहू द्या. डोकावून कळलेल्यालाही गप्पच बसायचंय.

तीनपदरी_जाळं :
हं. बरोबर.

पेठेतला_प्रेसवाला :
फायनल फाइल शुक्रवारपर्यंत टाका, दिवाळीला माझे बाइंडिंगवाले गावाला जातात ते तुळशीच्या लग्नापर्यंत उगवत नाहीत, मग १ डिसेंबर विसरा. आणि ताई, फॉन्ट कर्व्हमध्ये करून पाठवा, नाहीतर आमच्या मशीनवर रफार उडतात आणि मग ५०० वह्यांवर काय छापलं जाईल याची गॅरंटी मी घेत नाही.